अंगठ्याच्या आधी प्रश्न

(गावातील प्रौढ वर्गात एका परिचारिकेने केलेले भाषण)



आज तुमच्या वर्गात मला बोलायला बोलावलं, मला आनंद वाटला. मी तुमच्यासारख्याच घरातली आहे. माझे आईबाप ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की गाडी जुंपायची आणि कारखान्याची वाट धरायची. मी उसाच्या फडात वाढले. पुढे वसतिगृहात राहून शिकले. आज मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. लोक मला सिस्टर म्हणतात.

गुरुजी मला म्हणाले, "या वर्गातल्या मंडळींना आता वाचता येऊ लागलं आहे. त्यांना उपयोगी पडेल असं काही सांगा." मी विचार केला. वाचता आल्याचा उपयोग कुठे कुठे होतो? एस. टी.ची पाटी वाचता येते. सातबारा वाचता येतो. वाण्याचा हिशेब वाचता येतो. पण एक कागद असा आहे की तो आपण अजून वाचत नाही. तो म्हणजे दवाखान्याचा कागद. आज त्याबद्दलच बोलते.

आधी एक विचारते. बाजारात बैल घ्यायला गेलात तर काय करता? त्याचे दात पाहता. खूर पाहता. त्याला चालवून पाहता. विकणारा कितीही म्हणाला, "डोळे मिटून घ्या," तरी तुम्ही डोळे मिटत नाही. दहा प्रश्न विचारता. बैल चार-आठ वर्षं चालणार, म्हणून एवढी चौकशी. मग हे शरीर तर जन्मभर चालवायचं आहे. त्यावर सुरी चालवायची वेळ आली की आपण एकही प्रश्न का विचारत नाही? डॉक्टर म्हणतील ती पूर्व दिशा, असं म्हणून अंगठा देऊन मोकळे का होतो?

माझ्या आईनं असाच अंगठा दिला होता. तिची गोष्ट सांगते.

आईचा अंगठा

तेव्हा आई 28 वर्षांची होती. आम्ही तीन भावंडं. आईच्या अंगावरून पांढरं जायचं. कंबर दुखायची. पाळीच्या दिवसांत मोळी उचलवत नसे. पण घरी बसावं तर खाडा पडायचा. खाड्याचे पैसे मुकादम हिशेबात कापून घ्यायचा. नवराबायको मिळून एक कोयता. एकानं काम थांबवलं की दुसऱ्याचंही अडायचं.

एकदा दुखणं फार वाढलं. आईला एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "पिशवी खराब झाली आहे. काढून टाका. नाहीतर कॅन्सर होईल."

कॅन्सर हा शब्द ऐकून आईचे हातपाय गळाले. बापानं मुकादमाकडून वाढीव उचल घेतली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. सकाळी एका माणसानं कागद पुढं केला. कागद इंग्रजीत होता. त्यानं आईचं बोट धरलं, शाईत बुडवलं आणि कागदावर टेकवलं.

आई पंधरा दिवसांनी उठली आणि महिन्याभरात पुन्हा फडावर गेली. उचल फेडायला दोन हंगाम गेले. पण खरं दुखणं पुढेच होतं. तिशीतच तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या. रात्री घामानं लुगडं भिजायचं. चाळिशी गाठते न गाठते तोच एकदा पाय घसरला आणि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झाली होती.

मी परिचारिकेचं शिक्षण घेत होते, तेव्हा सुटीत घरी आले. ट्रंकेतली जुनी फाइल काढली. तो कागद वाचला. गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढायला संमती, असं त्यावर लिहिलं होतं. खाली आईचा अंगठा होता. अंडाशयं तरुणपणी काढली तर पाळी एकदम बंद होते आणि हाडांची ताकदही लवकर कमी होऊ लागते. हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी करावी लागते. तशा तपासणीचा एकही कागद फाइलीत नव्हता. पांढरं जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्याऔषधांनी गुण येतो. त्या गोळ्याही कुणी देऊन पाहिल्या नव्हत्या.

मी आईला म्हणाले, "आई, तू काही विचारलं का नाहीस?"

आई म्हणाली, "मला काय कळतंय, माय? ते शिकलेले. आपण अंगठेबहाद्दर. इचारावं तरी काय?"

मंडळी, हे फक्त माझ्या आईचं झालं नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न फार गाजला. राज्य सरकारनं समिती नेमली. 82 हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली होती. काहींना त्याची गरज असेलही. पिशवीत मोठ्या गाठी असतात, कॅन्सर असतो, रक्तस्राव कशानंच थांबत नाही. अशा वेळी ऑपरेशननं जीव वाचतो. मी ऑपरेशनच्या विरुद्ध नाही. न विचारता, न समजता दिलेल्या अंगठ्याच्या विरुद्ध आहे.

होकार कशाला म्हणतात

दवाखान्यात जो कागद पुढं करतात त्याला संमतीपत्र म्हणतात. संमती म्हणजे होकार. होकार केव्हा खरा? ज्याला नकार देता येतो, त्याचाच होकार खरा. आणि काय चाललं आहे हे ज्याला समजलं आहे, त्याचाच होकार खरा.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली हे सांगितलं आहे. दिल्लीतल्या एका बाईंची ती गोष्ट. त्या 1995 साली एका दवाखान्यात गेल्या. पोटात दुर्बीण घालून फक्त तपासणी करायची, एवढीच संमती त्यांनी दिली होती. त्यांना भूल दिली. तपासणी चालू असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली, आणि गर्भाशय व अंडाशयं काढून टाकली. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

त्या कोर्टात गेल्या. खटला अनेक वर्षं चालला. शेवटी न्यायालयानं सांगितलं, तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे. माणूस सज्ञान आणि शुद्धीत येणारा असेल तर त्याच्याऐवजी आईची सहीसुद्धा चालत नाही. जीव धोक्यात असेल आणि थांबायला वेळच नसेल, तर गोष्ट वेगळी.

बघा, जन्म देणाऱ्या आईची सही चालत नाही. मग नवऱ्याची, सासूची, मुकादमाची कशी चालेल? बायांनो, हे नीट लक्षात ठेवा. घरच्यांचा सल्ला घ्या. पण शरीर तुमचं, म्हणून होकार तुमचा. आणि बापयांनो, तुम्हीही ऐका. बायकोला दवाखान्यात नेलंत तर डॉक्टरांशी तिलाही बोलू द्या. दुखतं तिला, आणि उत्तरं तुम्ही देता, असं करू नका.

पाच प्रश्न

आता आईचा प्रश्न उरला. "इचारावं तरी काय?" त्याचं उत्तर मी तिला त्या दिवशी देऊ शकले नाही. आज तुम्हाला देते. पाटीवर लिहून घ्या. फक्त पाच प्रश्न आहेत.

पहिला: मला काय झालं आहे?

दुसरा: हे कोणत्या तपासणीवरून कळलं?

तिसरा: यावर कोणकोणते उपाय आहेत?

चौथा: या उपायाचा फायदा काय, धोका काय आणि खर्च किती?

पाचवा: आत्ता केलं नाही, थोडं थांबलो, तर काय होईल?

हा पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा. "आज रात्रीच केलं पाहिजे" आणि "महिनाभर गोळ्या घेऊन पाहू" यांत फार अंतर आहे. थांबता येण्यासारखं असेल तर घरी या. विचार करा. दुसऱ्या डॉक्टरांना कागद दाखवा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. आपण जमीन घेताना दोघाचौघांना विचारतो, तसंच हे.

पण एक सांगून ठेवते. साप चावला, अपघात झाला, छातीत जोराची कळ आली, बाळंतिणीचं रक्त थांबेना, तर तिथे पाच प्रश्न घेऊन बसू नका. 108 क्रमांकाला फोन करा आणि दवाखाना गाठा. अशा वेळी आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. हेही सर्वोच्च न्यायालयानं 1989 साली डॉक्टरांना आणि दवाखान्यांना बजावलं आहे.

कुणी म्हणेल, "सिस्टर, आम्ही विचारलं तर डॉक्टर रागावतील." कधी कधी रागावतातही. बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, डॉक्टर दमलेले असतात. म्हणून प्रश्न आधी घरी कागदावर लिहून न्या. बरोबर एक शहाणं माणूस न्या. आणि नम्रपणानं म्हणा, "डॉक्टरसाहेब, मला समजलं नाही. जरा मराठीत सांगा." चांगल्या डॉक्टरांना असा रोगी आवडतो. कारण समजून घेणारा रोगी औषध नीट घेतो.

संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. मराठीत नसेल तर वाचून समजावून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. आणि खासगी दवाखान्यात गेलात तर भिंतीकडे बघा. महाराष्ट्रात 2021 सालच्या नियमांप्रमाणे तिथे रुग्णांच्या हक्कांची सनद लावायची असते. तुम्हाला आता वाचता येतं. ती वाचा.

आपला वाटा

आता दुसरी बाजू. सगळं विचारून घेतलं, होकार दिला, म्हणजे आपलं काम संपलं का? नाही. तिथून ते सुरू होतं.

माझ्या चुलत्यांना रक्तदाब होता. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज घ्यायला सांगितली. महिन्याभरात डोकं दुखायचं थांबलं. चुलते म्हणाले, "आता बरं वाटतंय, गोळी कशाला?" गोळी बंद. गरज सरो, वैद्य मरो! दोन वर्षांनी एका पहाटे त्यांचा उजवा हात उचलेना. तोंड वाकडं झालं. लकवा मारला होता. आज ते खाटेवर आहेत.

रक्तदाब फार गुपचूप रोग आहे. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. "मला बरं वाटतं" या एका गोष्टीवरून तो कळत नाही. तो मोजावाच लागतो. मोजला की दोन आकडे लिहितात, एक वर, एक खाली. 120 आणि 80 च्या आसपास चांगला. तो पुन्हा पुन्हा 140 आणि 90 किंवा त्याहून जास्त भरला, तर तो वाढलेला समजतात. हे आकडे तुम्हाला वाचता येतात. मग एक वही करा. प्रत्येक वेळी तारीख घाला आणि आकडे लिहा. बऱ्याच जणांना गोळी कायम घ्यावी लागते. तेव्हा आपल्या मनानं ती सोडू नका. जेवणातलं मीठही हात आखडून घ्या. एका माणसाला दिवसभरात एक लहान चमचाभर मीठ पुरे. त्यातच पापड, लोणचं, ठेचा सगळं आलं.

पुढे मी चुलत्यांना विचारलं, "काका, खरं सांगा, गोळ्या का सोडल्या?" तेव्हा ते हळूच म्हणाले, "तालुक्याला जायचं म्हणजे गाडीभाडं, आणि रोज बुडतो. डॉक्टरांना कसं सांगायचं? लाज वाटली."

मंडळी, ही लाज माणसाला खाटेवर टाकते. त्यांनी एक शब्द बोलला असता तर डॉक्टरांनी सांगितलं असतं की तीच गोळी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. डॉक्टरांना रोग माहीत असतो. पण तुमचं घर, तुमचं काम, तुमची अडचण तुम्हालाच माहीत. ती तुम्ही सांगितलीच पाहिजे. गोळीनं चक्कर येत असेल, सांगा. पैसे पुरत नसतील, सांगा. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जायचं असेल, तेही आधी सांगा. निघताना वही, जुने कागद आणि पुरेशा गोळ्या बरोबर न्या. तो कागद दाखवला की तिथल्या आरोग्य केंद्रातही पुढचं औषध लिहून घेता येतं.

कागद जपा, पाकीट वाचा

कागदाचं असं आहे. पोरांच्या शाळेचे दाखले आपण पत्र्याच्या पेटीत ठेवतो. दवाखान्याच्या कागदाची मात्र पुडी बांधतो, नाहीतर चूल पेटवतो. असं करू नका. घरात प्रत्येकाची एक पिशवी करा. चिठ्ठी, तपासणीचे कागद, बिल, सगळं त्यात ठेवा. तुम्ही दवाखान्यात राहिला असाल तर तिथल्या कागदांची नक्कल मागता येते. मागितल्यापासून 72 तासांच्या आत ती द्यावी, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. अर्ज साध्या कागदावर लिहा. तुम्हाला आता लिहिता येतं.

गोळ्यांचं पाकीटही वाचा. त्यावर औषधाची मुदत छापलेली असते, महिना आणि वर्ष. मुदत टळलेलं औषध दुकानदाराला परत करा. काही पाकिटांवर एक उभी लाल रेघ असते. ती रेघ दिसली की समजा, हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. शेजारणीला ज्यानं गुण आला, ते आपण आणून खायचं नाही. आपल्या शरीराचे मालक आपण, याचा अर्थ मनाला येईल ते करायचं असा नाही. मालक आपली जमीन जाणून कसतो. शरीराचंही तसंच.

"आम्हाला काय कळतं?"

शेवटी पुन्हा आईच्या शब्दांकडे येते. "मला काय कळतंय?"

नगर जिल्ह्यात जामखेड आहे. आता त्या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी आले. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायका निवडल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना बाळंतपण, बाळाचं वजन, स्वच्छ पाणी, जुलाबावर साखर-मिठाचं पाणी, असं सगळं शिकवलं. त्या बायका आपापल्या गावाच्या आरोग्य सेविका झाल्या. त्यांनी बाळंतिणी सांभाळल्या, पोरं वाचवली. त्यांचं काम पाहायला देशोदेशीचे लोक जामखेडला आले. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना एवढं कळलं. मग तुम्हाला तर अक्षर येतं. तुम्हाला का कळणार नाही?

माझ्या आईनंही पुढे अक्षर शिकलं. अशाच वर्गात, पन्नाशी उलटल्यावर. गेल्या वर्षी तिला मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत होता, पण आधी एकाच डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. मी बरोबर होते. कागद मराठीत होता. आईनं चष्मा लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. मागे रांग होती. मला घाई झाली. मी म्हणाले, "आई, मी वाचला आहे. कर सही."

ती म्हणाली, "तू वाचलास. मी नाही."

वाचता वाचता तिचं बोट एका जागी थांबलं. ती डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, हितं जागा रिकामी हाय. डोळा कोणता ते लिवलं नाही. डावा का उजवा ते लिवा, मग मी सही करते."

डॉक्टरांनी कागद घेतला, पाहिला. जागा खरोखरच रिकामी होती. त्यांनी "उजवा" असं लिहिलं आणि म्हणाले, "बरं केलंत, आजी." मी परिचारिका असून ती जागा माझ्या नजरेतून सुटली होती.

मग आईनं सही केली. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण तिचं स्वतःचं होतं.

मंडळी, उद्या तुमच्यापुढेही असा कागद येईल. घाई करणारे भेटतील. भीती घालणारेही भेटतील. तेव्हा माझ्या आईसारखं कागदावर बोट ठेवा आणि वाचा. समजलं नाही तर विचारा. समजलं, पटलं, तरच सही करा. आणि एकदा हो म्हटलं की औषधपाणी, पथ्य नेटानं पाळा.

एवढं सांगून मी थांबते. आता ते पाच प्रश्न सगळे मिळून एकदा मोठ्यानं वाचू या. राम राम.